आजारी माणसाला ‘तुमचीच चूक’ म्हणण्याआधी

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या पायाला गेल्या वर्षी जखम झाली. चपलेचा पट्टा घासून झालेली, एरवी आठवड्यात सुकावी अशी. महिना झाला तरी ती चिघळतच होती, तेव्हा मी त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेले. मधुमेहाची गोळी त्यांना दोन वर्षांपासून चालू होती. रक्ततपासणीत ‘एचबीएवनसी’ दहाच्या वर निघालं. तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी ही चाचणी. बहुतेक मधुमेही माणसांची ती सातच्या आसपास राहावी असा प्रयत्न असतो.

डॉक्टरांनी कागदावरची नजर न काढता विचारलं, “गोड खाता का?”

मावशी खरं बोलल्या. “हो. बिस्किटं खाते. कधी साखरेची चिमूट टाकते तोंडात.”

“मग पाय गेला तर माझ्याकडे येऊ नका. तुमच्याच हातानं केलंय हे.”

मावशींनी मान खाली घातली. बाहेर रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, “ताई, मी नाही यायची परत इथं.” आणि पुढचे चार महिने त्या कुठल्याच डॉक्टरकडे गेल्या नाहीत.

ते डॉक्टर वाईट माणूस होते असं मला वाटत नाही. बाहेर साठेक पेशंट बसले होते, आणि त्यांचं ते वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोललेलो असतो. जिभेवर ताबा नाही. तंबाखू खाल्ली, आता भोगा. करावं तसं भरावं. मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोव्ही’ ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून तर हा विषय सोसायटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे निघतो. चालायला नको, खाणं आवरायला नको, सुई हवी, असा एकंदर सूर असतो.

आजाराचा दोष आजारी माणसाला द्यावा का, यावर तत्त्वज्ञ, डॉक्टर आणि अर्थशास्त्रज्ञ कित्येक वर्षं वाद घालत आहेत. तो वाद समजायला अवघड नाही. एक शब्द नीट सोडवून घेतला की निम्मं काम होतं.

‘जबाबदार’ म्हणजे नक्की काय?

पावसाळ्यात पुण्यात हमखास घडणारी गोष्ट घ्या. रात्रीच्या पावसात जुनं झाड उन्मळून रस्त्यावरच्या गाडीवर पडतं. गाडी चेपण्याला जबाबदार कोण? झाड. ते हटवण्याची जबाबदारी कोणाची? अग्निशमन दलाची. आणि दोष कोणाचा? फूटपाथ करताना ज्यानं बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून मुळं गुदमरवली, कदाचित त्याचा. कदाचित कोणाचाच नाही. झाड वय होऊन पडलं असेल.

तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि शब्द मात्र एकच. कारण कोण, काम कोणाचं आणि दोष कोणाचा, हे वेगळे प्रश्न आहेत. झाडाला कोणी दंड करत नाही, आणि झाड तोडायला आलेल्या जवानालाही कोणी ‘तुझ्यामुळे पडलं’ म्हणत नाही.

आजाराच्या बाबतीत मात्र आपण हे तिन्ही एकत्र कालवतो. बिस्किटांनी साखर वाढते, हे कारण. रोज रात्री पाय धुऊन तळवे बघणं, हे काम, आणि ते बहुतांशी मावशींनाच करावं लागणार. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांतून ‘म्हणून दोष तुमचा’ असं आपोआप निघत नाही. त्यासाठी आणखी काहीतरी सिद्ध करावं लागतं.

दोष लागायला दोन गोष्टी लागतात

सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनं यासाठी दोन कसोट्या सांगितल्या, आणि आजही बहुतेक चर्चा तिथूनच सुरू होते. करणाऱ्याला माहीत होतं का? आणि ते त्याच्या हातात होतं का?

आपण रोज याच कसोट्या लावतो. पीएमपी बसच्या गर्दीत ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि शेजारच्याचा पाय आपल्या पायावर पडला, तर आपण चिडत नाही. ते त्याच्या हातात नव्हतं. मुद्दाम तुडवला तर भांडतो.

आता मिश्रीकडे बघा. भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रात असंख्य बायका दात घासायला वापरतात. मुलगी आठ-दहा वर्षांची असते, आजी आणि आई सकाळी मिश्री लावत बसलेल्या असतात, तीही बोट बुडवते. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा धोक्याच्या चित्रांना द्यावी लागते, हे चांगलंच झालं. पण आजीच्या डबीवर चित्र नसतं. धोका कळण्याच्या वयात ती मुलगी येते तोवर निकोटिननं तिच्या मेंदूत घर केलेलं असतं. पन्नाशीत तिला तोंडाचा कर्करोग झाला, तर ‘माहीत होतं’ आणि ‘हातात होतं’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या असा दिवस तिच्या आयुष्यात कधी आला होता?

काहींच्या आयुष्यात तो येतो. काहींच्या येत नाही. समोरच्या माणसाकडे नुसतं बघून हे ओळखता येत नाही.

पोटातच सुरू झालेली गोष्ट

मधुमेहाबद्दल तर पुणेकरांना हे इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं, कारण यातलं जगानं दखल घेतलेलं काम आपल्याच शहरात झालं आहे.

केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही सडपातळ. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच सांगतो, आत मात्र दुपटीहून अधिक फरक. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून ‘लठ्ठ’ असू शकतो, हे त्या एका फोटोनं दाखवलं.

हा फरक कधी पडतो? याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास सुरू केला. तिथं जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपासची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. आईच्या पोटात जेमतेम मिळतंय म्हटल्यावर गर्भ काटकसर करतो, आणि त्या काटकसरीत चरबी राखून स्नायूंवरचा खर्च कापतो, असा याचा अर्थ लावला जातो. स्नायू हे साखर खर्च करणारं मुख्य गिऱ्हाईक. तेच कमी घेऊन जन्मलेल्या माणसाला पुढे शहरात पोटभर भात-पोळी आणि बसून करायचं काम मिळालं की साखर जाणार कुठं? याच मुलांच्या पाठपुराव्यात असंही दिसलं की आईला गरोदरपणी ‘बी-१२’ जीवनसत्त्व कमी आणि फॉलेट जास्त असेल, तर मुलांमध्ये इन्सुलिन नीट काम न करण्याची शक्यता वाढते.

आमच्या मावशी दुष्काळी तालुक्यातल्या. त्यांच्या आईनं गरोदरपणी काय खाल्लं असेल याचा अंदाज मला करता येतो. मधुमेह त्यांच्या वाट्याला येण्याची तयारी त्यांनी पहिलं बिस्किट खाण्याच्या कितीतरी आधी झाली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. इतक्या लोकांच्या जिभेचा ताबा एकाच पिढीत सुटला, हे स्पष्टीकरण मला तरी पटत नाही.

हातात होतं, पण किती?

कोणी म्हणेल, जन्माचं ठीक, पण रोजचं खाणं-चालणं तर माणसाच्या हातात असतं. असतंही. पण प्रत्येकाच्या हातात सारखं नसतं.

पर्वतीच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच आहेत. सकाळी बूट घालून मोकळ्या हातानं चढणारा चढतो, आणि कडेवर मूल, डोक्यावर पाटी घेऊन चढणारी बाईही चढते. ती मध्ये थांबली तर आपण तिला आळशी म्हणणार नाही, कारण तिच्या डोक्यावरची पाटी आपल्याला दिसते. आरोग्याच्या चढणीवरचं ओझं दिसत नाही. हिंजवडीतली रात्रपाळी, चाकणच्या कारखान्यात बारा तास उभं राहणं, घरी एकच खोली आणि झोपेला पाच तास, फूटपाथ असूनही त्यावर गाड्या लावलेल्या. ‘रोज पाऊण तास चाला’ हा सल्ला यातल्या प्रत्येकाला वेगळ्या किमतीला पडतो.

हे नुसतं सहानुभूतीचं बोलणं नाही, मोजलेलं आहे. १९६७ साली लंडनमध्ये सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला. पुढे मायकल मार्मट यांच्या कामामुळे तो जगभर गाजला. सगळे पांढरपेशे, सगळ्यांना पक्की नोकरी, सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना फुकट. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघालं. खालचे लोक सिगारेट जास्त ओढत होते, हे खरं. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरून वजा केलं, तरी निम्म्याहून जास्त फरक शिल्लकच राहिला. साहेबापासून शिपायापर्यंत पायरीपायरीनं आयुष्य आखूड होत जात होतं. कामावर आपलं किती चालतं, उद्याची काळजी किती, मान किती, या गोष्टीही शरीरात उतरतात असा मार्मट यांचा निष्कर्ष आहे.

निग्रह आणि आठवड्याची सुई

आता त्या इंजेक्शनांकडे येते, कारण मला त्यांत औषधापेक्षा मोठी गोष्ट दिसते.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून एक संप्रेरक स्रवतं. ते मेंदूला ‘पुरे झालं’ असा निरोप देतं आणि पोट सावकाश रिकामं करतं. वेगोव्हीतलं औषध याच संप्रेरकाची नक्कल करतं. मौंजारो अशा दोन संप्रेरकांची. ही औषधं घेणारे बरेच लोक एक अनुभव सांगतात: डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार शांत झाला. डबा उघडून बघावा, अजून एक घ्यावं, ही कुजबुज थांबली.

यावर थोडं थांबा. माणूस तोच. संस्कार तेच, निश्चय तोच, घरातला फराळाचा डबाही तोच. आठवड्याला एक सुई बदलली आणि ज्याला आपण वर्षानुवर्षं ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणत होतो तो नाहीसा झाला. मग तो दुबळेपणा मनाचा होता की निरोप नीट न पोचण्याचा? ज्याला पहिल्यापासूनच दोन पोळ्यांत तृप्ती होते, त्यानं निग्रह केला म्हणायचं की त्याच्या आतड्याचा निरोप चांगला पोचतो म्हणायचं? डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० जणांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांची शरीरयष्टी, ज्यांच्या ताटात ती मुलं जेवली त्या आईवडिलांसारखी नव्हती. ज्यांना त्यांनी बहुधा पाहिलंही नव्हतं त्या जन्मदात्यांसारखी होती.

ही औषधं महाग आहेत, त्यांचे त्रास आहेत, बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत वाढतं, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊच नयेत. पण ती घेणाऱ्याला ‘पळवाट काढली’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं, की रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला ते हेच म्हणतात का?

मग माणसानं काहीच करायचं नाही का?

हा आक्षेप खरा आणि वजनदार आहे. सगळं जनुकांवर, आईच्या गरोदरपणावर आणि परिस्थितीवर टाकलं तर माणसाच्या हाती उरलं काय? वर्षानुवर्षांची तंबाखू सोडलेली माणसं आपल्या ओळखीत असतात. त्यांनी ती सोडली, परिस्थितीनं नव्हे. ‘तुझ्या हातात काहीच नाही’ असं म्हणणं हाही एक अपमानच आहे.

इथं वर सोडवलेला शब्द उपयोगी पडतो. तत्त्वज्ञ हॅना पिकार्ड यांनी व्यसनी आणि मानसिक त्रास असलेल्या लोकांबरोबर प्रत्यक्ष काम करून एक भूमिका मांडली: दोष न देता जबाबदारी. म्हणजे कामाची जबाबदारी पूर्ण द्यायची, दोषाचा दगड मात्र उचलायचा नाही. समोरच्याला सांगायचं, ‘बदलणं तुलाच करायचंय, आणि तुला जमेल, मी सोबत आहे.’

पुण्याला हे नवं नाही. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते व्यसनी माणूस हा आधी आजारी माणूस आहे, या भावनेनं. आजारी आहे म्हणून त्याला हातावर हात धरून बसवत नाहीत. त्याला पहाटे उठावं लागतं, कामं करावी लागतात, गटात बसून खरं बोलावं लागतं. मागणी कडक आहे, फक्त तिरस्कार नाही. लाजेनं व्यसन सुटत असतं तर गल्लीनं, बायकोनं, सासऱ्यानं इतकी वर्षं दिलेल्या शिव्यांनी ते कधीच सुटलं असतं.

वजनाबाबतही संशोधन हेच दाखवतं. ज्यांना वजनावरून टोमणे बसतात ते लोक बारीक होत नाहीत. उलट त्यांचं वजन वाढण्याची आणि डॉक्टरांना टाळण्याची शक्यता जास्त असते. लाज माणसाला सुधारत नाही, लपवायला शिकवते. आणि लपवलेली माहिती डॉक्टरला मिळत नाही.

कायद्यानंसुद्धा ही वाट धरली आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा आपल्याकडे दीर्घकाळ गुन्हा होता. वाचलेल्या माणसाच्या खाटेशी पोलीस येत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सांगितलं, की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरावं आणि त्याच्या उपचारांची व्यवस्था सरकारनं करावी. याहून मोठी ‘स्वतःच्या हातानं’ केलेली इजा कुठली असणार? तिथंही आपण दोषाऐवजी काळजी निवडली.

‘त्यांच्या सवयींचा खर्च आम्ही का सोसायचा?’

विम्याचा हप्ता आणि कर भरणाऱ्यांचा हा प्रश्न. प्रश्न गैर नाही. पैसा सगळ्यांचा आहे.

पण नियम करायचा तर तो सगळ्यांना लावावा लागेल. पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेकला गेलेला मुलगा कड्यावर अडकतो. बचाव पथकं रात्रभर दोर टाकून त्याला वर काढतात. धोका माहीत होता, जाणं पूर्णपणे त्याच्या हातात होतं. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या दोन्ही कसोट्यांवर तो मिश्री लावणाऱ्या बाईपेक्षा कितीतरी जास्त जबाबदार. तरी त्याच्या उपचारांचा खर्च देऊ नका असं सहसा कोणी म्हणत नाही. मॅरेथॉन धावून गुडघे घालवलेल्या साहेबांना कोणी सुनावत नाही. निवड केली म्हणून आपण दोष देत नाही, हे इथं उघड होतं. ज्यांची राहणी आपल्याला आवडत नाही त्यांनाच आपण दोष देतो, आणि ते बहुतेक वेळा आपल्यापेक्षा गरीब असतात.

सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये, रोग्यांच्या जवळ जाणं म्हणजे काय हे माहीत असताना, प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घालून मुलगा यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. १० मार्चला प्लेगनंच त्या गेल्या. निवड त्यांची होती, माहिती होती, हातात होतं. ‘स्वतःच्या निवडीनं आजारी पडलेल्याला मदतीचा हक्क नाही’ हा नियम करणाऱ्यानं तो आधी इथं लावून बघावा. मला तो लिहितानासुद्धा सहन होत नाही.

अवयव मात्र पैशासारखे नाहीत. ते खरोखरच थोडे आहेत. दारूनं यकृत निकामी झालेल्याला प्रत्यारोपणाआधी सहा महिने दारूमुक्त राहायला लावायचं, असा नियम अनेक देशांत बरीच वर्षं होता. त्यात दोन हेतू मिसळलेले होते: एक वैद्यकीय, नवं यकृत टिकेल का, दुसरा नैतिक, हा माणूस त्या यकृताला लायक आहे का. २०११ साली फ्रेंच डॉक्टरांच्या गटानं काळजीपूर्वक निवडलेल्या, सहा महिने थांबणं शक्यच नसलेल्या रुग्णांवर लगेच प्रत्यारोपण केलं. सहा महिन्यांनी त्यांच्यातले ७७ टक्के जिवंत होते. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांतले २३ टक्के. उपयोग होईल का, हा प्रश्न डॉक्टर तपासून सोडवू शकतात. लायकी ठरवणं हे डॉक्टरचं शिक्षणच नव्हे. त्यासाठी तुमचं बालपण, लग्न, कर्ज, सगळं खोदावं लागेल. एलिझाबेथ अँडरसन या तत्त्वज्ञ बाईंनी १९९९ साली यावरच बोट ठेवलं: मदत मागणाऱ्याला आधी स्वतःची निर्दोषता सिद्ध करायला लावणारं राज्य नागरिकांचा मान राखूच शकत नाही.

आणि हेल्मेट?

पुण्यात हा प्रश्न टाळून चालणार नाही. हेल्मेट फार महाग नाही, वजनदार नाही, धोका शाळकरी पोराला माहीत आहे. इथं ‘माहीत होतं, हातात होतं’ हे जवळजवळ नेहमीच खरं असतं. आणि तरीही या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आहेत.

मी सक्तीच्या बाजूची आहे. नियम असावा, दंड असावा, कंपनीच्या दारात हेल्मेटशिवाय गाडी आत घेऊ नये. पण हे सगळं अपघाताच्या आधीचं. एकदा डोकं फुटून माणूस स्ट्रेचरवर आला की तो प्रश्न संपतो. कोणीही डॉक्टर टाके घालण्याआधी ‘हेल्मेट होतं का’ असं, उपचार नाकारण्यासाठी विचारत नाही. सिगारेटवर जबर कर लावा, शाळेजवळची टपरी हटवा, तेल-साखरेच्या पाकिटांवर ठळक इशारे छापा. हे नियम सगळ्यांना सारखे लागतात आणि कोणाचाही अपमान करत नाहीत. नियम रस्त्यावर शोभतो, खाटेशी नाही.

दोष दिला की तपास थांबतो

माझा मुख्य आक्षेप दयेचा नाहीच. दोष देण्यानं आपण मूर्ख बनतो, हा आहे.

पुण्याच्या प्लेगमध्ये अधिकाऱ्यांची नजर लोकांच्या ‘घाणेरड्या’ राहणीवर होती. रँडच्या सोजिरांनी घरात घुसून सामान बाहेर फेकलं, बायकांची विटंबना झाली, जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी तेव्हाच्या भारतातच, कराचीत दाखवलं १८९८ साली. पोटातल्या अल्सरचं असंच. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर रुग्णाला तिखट खाऊ नका, चिडचिड करू नका असं सांगत राहिले. मग बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला जंतू शोधला, आणि ज्याला स्वभावदोष म्हटलं होतं ते बहुतेक वेळा प्रतिजैविकांनी बरं होऊ लागलं. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं.

फार लांब कशाला जा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात ‘जीबीएस’चे रुग्ण निघू लागले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. रुग्ण दोनशेच्या पुढे गेले. पहिल्या काही दिवसांत घराघरांत चर्चा एकच: बाहेरचं खाता, चिकन खाता, पनीर खाता, म्हणून. पुढे काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला आणि विहिरीच्या, नळाच्या, टँकरच्या पाण्याची तपासणी सुरू झाली. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्येच महापालिकेत आलेली. ज्या बाईनं सकाळी नळाला आलेलं पाणी हंड्यात भरलं, तिनं काय निवडलं होतं?

आपल्या जुन्या वैद्यकाला हे कळत होतं. चरकसंहितेत ‘प्रज्ञापराध’ आहे: कळत असून चुकीचं वागणं. आपण तेवढंच लक्षात ठेवलं. त्याच ग्रंथात जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे गावंच्या गावं आजारी पडण्याचा अध्याय आहे. तिथं प्रश्न असा आहे की वेगवेगळ्या प्रकृतीची, वेगवेगळं खाणारी माणसं एकाच वेळी एकाच रोगानं कशी मरतात. उत्तर: वारा, पाणी, भूमी आणि ऋतू हे सगळ्यांचे समान असतात, ते बिघडले की असं होतं. आणि ते का बिघडतात याची कारणं सांगताना देशाच्या, नगराच्या प्रमुखांनी धर्म सोडणं हेही चरक सांगतात.

मावशींची गोष्ट राहिली. चार महिन्यांनी जखम फारच वाढली तेव्हा मी त्यांना दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनीही विचारलं, “गोड खाता?” मावशी गप्प. आता त्या खोटं बोलणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात बाईंनी पुढचा प्रश्न केला, “कधी खाता? किती वाजता?”

“अकराला. कधी साडेअकराला.”

“का बरं तेव्हाच?”

“हात थरथरतात. घाम फुटतो. डोळ्यांपुढं अंधारी येती, मग पोळी लाटता येत नाही.”

गोळी किती वाजता घेता? सकाळी सहाला, घरातून निघताना. नाश्ता? नाही. जेवण? पाच घरं झाल्यावर, अडीचला. ती गोळी रक्तातली साखर जोरानं खाली आणणारी होती, आणि तिच्यावर काही खाल्लं नाही तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. मावशींचं शरीर अकरा वाजता जीव वाचवायला साखर मागत होतं. चोचले नव्हते ते. मग घाबरून जास्त खाल्लं जाई, आणि साखर उलट वर उसळे.

बाईंनी औषध बदललं, निघण्याआधी अर्धी भाकरी आणि भाजी खायला सांगितली. जखमेचं ड्रेसिंग नर्सकडून मला शिकवलं. मावशींनी विचारलं, “बिस्किट बंद ना बाई?”

“बघू. तुम्ही आधी तीन आठवड्यांनी या. काय काय खाल्लं ते खरं खरं सांगायचं, रागावणार नाही मी.”

तारीख मंगळवारची होती. मावशींनी त्या दिवशी पहिल्या दोन घरची सुट्टी घेतली आणि सव्वानऊलाच दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसल्या, हातात वहीचं पान, त्यावर नातीच्या अक्षरात तीन आठवड्यांचं सगळं खाणं लिहिलेलं. बिस्किटंसुद्धा.